दिवा हिरवाच असतो

मराठीत वीज जाते, पाणी जातं, माणूस जातो; आता नेटही जातं. या ‘जाण्या’त मधली अवस्था नाही. होतं, ते गेलं. विजेला हे क्रियापद शोभतं, कारण पंखा थांबतो आणि शंका उरत नाही. नेटला मात्र ते नीट बसत नाही. नेट वाहून नेणारी यंत्रं एका झटक्यात क्वचितच जातात. ती खंगतात. आठवडाभर रोज संध्याकाळी दहा मिनिटं अडखळतात, माहितीच्या छोट्या पुडक्यांपैकी, म्हणजे पॅकेटांपैकी, शंभरातली सात वाटेत सांडतात, एका घराला पोटभर देतात आणि शेजारच्याला उपाशी ठेवतात. आणि या सगळ्या काळात त्यांच्या कपाळावरचा दिवा हिरवाच असतो.

जाळं सांभाळणाऱ्या माणसांना पूर्ण मेलेल्या यंत्राची भीती वाटत नाही. ते ओळखू येतं, काढता येतं, त्याच्या जागी दुसरं बसवता येतं, तासाभराचं काम. दिवसच्या दिवस खातं ते अर्धमेलं यंत्र. ते चालू असल्याचं सगळ्यांना सांगत राहतं आणि सगळे त्यावर विश्वास ठेवतात: ग्राहक, ऑपरेटर, आणि बिघाड झाला तर जागा घ्यायला शेजारी उभं केलेलं राखीव यंत्रसुद्धा. मोठमोठे खोळंबे पाहिले की त्यांच्या मुळाशी मला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आणि ती समजून घ्यायला कुठल्या डेटा सेंटरमध्ये जावं लागत नाही. घरातल्या टीव्हीच्या मागे हात घातला तरी पुरतं.

तिथे फायबरचा डबा असतो. कंपनीच्या भाषेत ओएनटी किंवा ओएनयू. त्याला बहुधा बारा व्होल्टचा अडॅप्टर, एक किंवा दीड अँपिअरचा. सगळ्या व्यवस्थेतल्या अगदी स्वस्त भागांपैकी हा एक, आणि बहुधा सर्वांत आधी थकणाराही हाच. अडॅप्टरच्या पोटात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, पेन्सिलीच्या टोकाएवढ्या डब्या, आत ओलसर रसायन. उष्णतेनं हे रसायन सुकत जातं. साधारण कपॅसिटरचं आयुष्य बनवणारा सांगतो ते १०५ अंश सेल्सियसला २००० तास. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट, हा यातला ठोकताळा. म्हणजे अडॅप्टरच्या आत ६५ अंश धरले तर ३२००० तास, सुमारे साडेतीन वर्षांहून थोडं जास्त. तोच अडॅप्टर टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि भिंत यांच्यामध्ये कोंडला आणि आत ७५ अंश झाले, तर १६००० तास, पावणेदोन वर्षांहून किंचित जास्त. घरातला अडॅप्टर दिवसरात्र चालतो. त्याला रविवार नसतो.

सुकलेला कपॅसिटर अडॅप्टरला मारत नाही, दुबळा करतो. पिन काढून मल्टिमीटर लावला तर काटेकोर बारा व्होल्ट दिसतात, कारण तेव्हा त्याच्यावर ओझं काहीच नसतं. डबा जोडला, घरातले सहा-सात मोबाइल आणि टीव्ही वायफायवर आले, रेडिओ जोरात बोलायला लागला, की विजेची मागणी वाढते आणि व्होल्ट घसरतात. डबा मिटतो, पुन्हा उठतो. म्हणून हा आजार संध्याकाळी सात ते अकरा या वेळात जास्त दिसतो, आणि म्हणूनच लोकांचा समज होतो की संध्याकाळी कंपनी स्पीड कमी करते.

याची परीक्षा सोपी आहे. डब्याच्या सेटिंगच्या पानावर ‘सिस्टम अपटाइम’ नावाची ओळ असते: यंत्र किती वेळ सलग जागं आहे. नेट तुटल्यानंतर ती ओळ चौदा मिनिटं दाखवत असेल तर यंत्र स्वतः बंद पडून उठलंय. अडॅप्टर, पिन नाहीतर पट्टीवरचं सैल सॉकेट पाहावं. ती बारा दिवस दाखवत असेल तर यंत्राला दोष देऊ नये, बिघाड बाहेर आहे. अडॅप्टर बदलताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि पिनच्या मधल्या टोकाला धन असल्याची खूण दोन्हींवर सारखी हवी. घरात पडलेला नऊ व्होल्टचा अडॅप्टर ‘बसतो म्हणून’ लावू नये. आणि एक काम मुळीच करू नये: डब्याच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालणं. त्यानं यंत्र कारखान्यातल्या कोऱ्या अवस्थेत जातं, ग्राहकाचं नाव, पासवर्ड, व्हीलॅन (कंपनीच्या जाळ्यातल्या आपल्या वाटेचा क्रमांक) सगळं पुसलं जातं, आणि दोनशे रुपयांच्या अडॅप्टरचा प्रश्न दोन दिवसांच्या फेऱ्यांचा होतो.

आता बाहेर पडून गल्लीत येऊ. इथे प्रकरण जास्त रंजक आहे, आणि माझ्या मते सगळ्या फायबर जाळ्यातला सर्वांत शिकण्यासारखा बिघाड इथेच होतो.

ऑपरेटरच्या खोलीतल्या ओएलटी नावाच्या यंत्राच्या एका पोर्टातून काचेचा एकच धागा निघतो. वाटेत स्प्लिटर लागतात. एकाचे आठ, पुढे त्या प्रत्येकाचे आठ, अशा रीतीनं एका पोर्टावर चौसष्ट घरं. खाली येणारा उजेड १४९० नॅनोमीटरचा. तो सगळ्या घरांत सारखाच पोचतो आणि प्रत्येक डबा त्यातलं आपलं तेवढं उचलतो. वर जाणारा उजेड १३१० नॅनोमीटरचा, आणि तिथे शिस्त लागते, कारण चौसष्ट जणांनी एकाच धाग्यातून बोलायचंय. ओएलटी प्रत्येकाला वेळ नेमून देते. आपली पाळी आली की डब्यानं आपला लेसर मायक्रोसेकंदांपुरता पेटवायचा, बोलायचं, आणि विझवायचा.

एखाद्या डब्याचा लेसर विझायचाच बंद झाला तर? तो पाळीबाहेरही उजेड ओतत राहतो. ओएलटीला बाकीच्या त्रेसष्ट घरांचं बोलणं ऐकू येईनासं होतं. घराघरांत डबे नोंदणी करतात, तुटतात, परत करतात. खाली येणारा उजेड उत्तम असतो, उजेड मोजणारा पॉवर मीटर चांगला आकडा दाखवतो, उजेड न पोचल्याचा लाल दिवा पेटत नाही. तक्रारी सगळीकडून येतात. ज्या घरात दोष आहे तिथून एखादेवेळी येतही नाही, कारण त्या डब्याचं बोलणं ओएलटीला स्वच्छ पोचत असतं.

अशा वेळी नवखा माणूस ओएलटीचं मॉड्यूल, म्हणजे तिच्या पोर्टात बसणारा लेसरचा भाग, बदलतो, मग पोर्ट बदलतो, मग रात्रभर मुख्य केबलचे जॉइंट उघडतो. जाणता माणूस पॉवर मीटर घेऊन पहिल्या स्प्लिटरपाशी जातो. स्प्लिटरच्या आठ पायांपैकी एक काढायचा आणि घराकडे जाणाऱ्या त्या टोकाला मीटर लावून १३१० वर पाहायचं. निरोगी डब्याला वरून उजेड मिळेनासा झाला की तो गप्प बसतो. परवानगीशिवाय बोलायचं नाही, हा त्याचा नियमच आहे. म्हणून काढलेल्या पायातून उजेड येता कामा नये. ज्या पायातून तरीही येतो, त्याच्या मागे गुन्हेगार आहे. पहिल्या स्प्लिटरवर जास्तीत जास्त आठ वेळा, दुसऱ्यावर आठ वेळा. सोळा मोजण्यांत घर सापडतं. कधी तिथे खराब झालेला डबा निघतो. कधी असंही निघतं की कुणीतरी जुना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे तांब्याची केबल काचेच्या धाग्याला जोडणारी डबी, त्या धाग्याला लावलाय. त्या बिचाऱ्याला पाळी वगैरे माहीतच नसते, तो आयुष्यभर एकसारखाच बोलतो.

गप्प बसायच्या वेळी गप्प न बसणारं यंत्र न बोलणाऱ्या यंत्राहून जास्त नुकसान करतं. ही ओळ पुढे पुन्हा लागेल.

लाल दिव्याचं गणित त्यामानानं सरळ आहे. उजेड डीबीएम या एककात मोजतात आणि वाटेतली घट डेसिबलमध्ये. ओएलटीतून समजा +३ डीबीएम उजेड निघाला. एकास आठ स्प्लिटर सुमारे साडेदहा डेसिबल खातो. असे दोन, म्हणजे एकवीस. चार किलोमीटर धागा, किलोमीटरला ०.३५ या हिशेबानं १.४. चार कनेक्टर, प्रत्येकी ०.३, म्हणजे १.२. एकूण गेले २३.६, घरी पोचले उणे २०.६. डब्याला उणे २७ पर्यंत दिसतं. हातात ६.४ डेसिबलची शिल्लक. ही शिल्लक एकदम जात नाही. कपाटाच्या दारात दबलेली वायर एखादं डेसिबल खाते, खांबावर घाईत केलेला जॉइंट अर्धं, पाणी शिरलेली जॉइंटची डबी दोन. नऊ मायक्रॉनच्या गाभ्यावर धुळीचा एक कण बसला तरी फरक पडतो. माणसाचा केस याच्या सात-आठ पट जाड असतो. आणि हिरव्या कनेक्टरला निळा जोडला, म्हणजे तिरक्या घासलेल्या टोकाला सरळ टोक भिडवलं, तर अंगठ्याएवढ्या जागेत कित्येक डेसिबल एकदम गडप होतात. रंग पाहून जोडण्याएवढी साधी ही गोष्ट आहे, पण घाईत ती चुकते.

उणे २६.८ वर आलेलं घर हे अर्धमेल्या अवस्थेचं नमुनेदार उदाहरण. दुपारी सगळं सुरळीत. वारा सुटला, खांबांमधली केबल हलली, की एलओएसचा, म्हणजे उजेड हरवल्याचा, लाल दिवा लागतो आणि विझतो. तंत्रज्ञ येतो तेव्हा वारा पडलेला असतो. तो म्हणतो, ‘चालू आहे की.’ दोघंही खरं बोलत असतात.

म्हणून तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगू नये. एलओएस लाल लुकलुकतोय, म्हणजे उजेडच पोचत नाही. पॉन, म्हणजे नोंदणीचा दिवा, हिरवा लुकलुकतोय, म्हणजे उजेड येतोय पण नोंदणी होत नाही. पॉन स्थिर आहे आणि तरी काही उघडत नाही, म्हणजे काच शाबूत, दोष पुढे कुठेतरी. या तीन वाक्यांपैकी योग्य ते सांगितलं तर येणारा माणूस योग्य हत्यार घेऊन येतो. दिव्यांची नावं डब्यागणिक थोडी वेगळी असतील, पण प्रश्न हेच तीन. धाग्याच्या टोकात डोळा घालून पाहू मात्र नये. तो उजेड डोळ्याला दिसत नाही आणि तरीही इजा करू शकतो.

गल्लीच्या पुढे ऑपरेटरची खोली. तिथे एक विचित्र तक्रार येते, जी ऐकून नवीन मुलगा हसतो आणि जुना माणूस गंभीर होतो: ‘सगळं चालतंय, फक्त बँकेची साइट उघडत नाही.’ दुसऱ्या घरी बँक उघडते, पण व्हिडिओ कॉल लागत नाही. तिसऱ्या घरी सगळं ठीक. हा ग्राहकांच्या मनाचा खेळ नसतो. स्विच म्हणजे अनेक तारा एकत्र जोडणारं यंत्र. अशा दोन स्विचेसच्या मध्ये चार तारा एकत्र बांधून एक जाड वाट केलेली असते. कुठलं संभाषण कुठल्या तारेवरून जायचं हे दोन्ही टोकांचे पत्ते आणि संभाषणाचे क्रमांक यांच्या हिशेबावर ठरतं, आणि एकदा ठरलं की ते संभाषण त्याच तारेवर राहतं. चारपैकी एका तारेचं मॉड्यूल बिघडलं, पण लिंक ‘चालू’ राहिली, तर साधारण एक चतुर्थांश संभाषणं मरतात आणि बाकीचे तीन हिस्से ठणठणीत असतात. ऑपरेटर आपल्या जागेवरून पिंग मारतो, म्हणजे पलीकडच्या यंत्राला ‘आहेस का’ विचारणारं पॅकेट पाठवतो. पिंग नेमकं चांगल्या तारेवरून जातं आणि शंभरपैकी शंभर उत्तरं येतात.

इथे दिवे बघून काही होत नाही, मोजणी बघावी लागते. प्रत्येक पोर्टवर सीआरसी चुकांचा, म्हणजे वाटेत खराब होऊन पोचलेल्या पॅकेटांचा, आकडा असतो. तो आकडा किती आहे यापेक्षा तो वाढतोय का, हे महत्त्वाचं: आकडे शून्य करायचे, दहा मिनिटांनी पाहायचं. चारांतल्या एकाच पोर्टवर चुका वाढत असतील तर ती तार बंद करावी. तीन चांगल्या तारा चारांपेक्षा चांगल्या. ऑप्टिकल मॉड्यूल याहून जास्त सांगतं. लेसर म्हातारा झाला की तेवढाच उजेड द्यायला त्याला जास्त करंट लागतो, आणि मॉड्यूल तो आपणहून वाढवत राहतं. त्यामुळे बाहेर पडणारा उजेड महिनोन्‌महिने सारखाच दिसतो. हा करंट, म्हणजे बायस करंट, मात्र चढत असतो. वीस मिलिअँपिअरवर सुरू झालेला लेसर त्याच तापमानाला तीस मागायला लागला की त्याचे दिवस भरत आलेत. हा आकडा दर महिन्याला लिहून ठेवणारा ऑपरेटर मॉड्यूल दुपारी निवांत बदलतो. न लिहिणाऱ्याला ते रात्री दोनला बदलावं लागतं.

राखीव यंत्र असलं की आपण सुटलो, ही समजूत मोठ्या कंपन्यांचीही असते. दोन राउटर शेजारी ठेवतात. मुख्य राउटर ठरावीक अंतरानं ‘मी आहे’ असा संदेश पाठवतो. प्रचलित पद्धतीपैकी एकीत तो दर तीन सेकंदांनी जातो आणि दहा सेकंद ऐकू आला नाही तर दुसरा जागा घेतो. पण राउटरचं बोलणारं डोकं आणि पॅकेट पुढे ढकलणारे हात हे वेगवेगळे भाग आहेत. हात लुळे पडले तरी डोकं ‘मी आहे’ म्हणतच राहतं. २० जुलै २०१६ रोजी अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सचा एक राउटर असाच अर्धवट बिघडला. पूर्ण बंद पडला असता तर राखीव व्यवस्था पुढे आली असती. अर्धवट बिघडल्यामुळे ती जागची हलली नाही. पुढच्या काही दिवसांत दोन हजारांहून जास्त उड्डाणं रद्द करावी लागली. म्हणून राखीव राउटरनं शेजाऱ्याचा आवाज ऐकून थांबू नये. मुख्य वाटेनं ग्राहकाची पॅकेटं खरंच पलीकडे पोचतात का, हे पलीकडच्या एखाद्या पत्त्याला सतत विचारून पाहावं आणि त्या उत्तरावर अदलाबदल ठरवावी. बहुतेक राउटरांत ही सोय असते. ती चालू केलेली नसते.

त्याआधी, ११ ऑगस्ट २००७ रोजी, लॉस एंजेलिसच्या विमानतळावर सीमाशुल्क विभागाचं जाळं कोसळलं. सतरा हजारांवर प्रवासी तासन्‌तास अडकले. कित्येकांना विमानातून उतरताही येईना. शोध घेत गेल्यावर एका संगणकातलं बिघडलेलं नेटवर्क कार्ड सापडलं. ते बंद पडलं नव्हतं. नको ते जाळ्यात ओतत होतं.

यंत्र अर्धमेलं व्हायला बिघाडच लागतो असंही नाही. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जगभरच्या इंटरनेटच्या रस्त्यांची यादी ५,१२,००० नोंदींच्या पुढे गेली आणि जुन्या पण सर्वत्र वापरात असलेल्या सिस्को राउटरांच्या खास मेमरीतली जागा संपली. न मावलेले रस्ते ती यंत्रं सावकाश चालणाऱ्या प्रोसेसरवर हाताळू लागली. अनेक ठिकाणी नेट गेलं नाही, रखडलं.

पण अर्धमेल्या यंत्रानं काय होऊ शकतं याचं मला माहीत असलेलं सर्वांत ठळक उदाहरण डेन्व्हरचं आहे. २७ डिसेंबर २०१८, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळात पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. सेंच्युरीलिंक या कंपनीच्या दूर पल्ल्याच्या फायबर जाळ्यात, डेन्व्हर इथल्या केंद्रातल्या एका स्विचिंग मॉड्यूलनं चार वेडीवाकडी पॅकेटं तयार केली. चार. चारशे नाहीत, चार लाख नाहीत. सदोष पॅकेट एरवी फेकून दिलं जातं. या चारांत मात्र चार गोष्टी एकत्र आल्या. पत्त्याच्या जागी ‘सर्वांना’ असं होतं. माथा (पॅकेटचा पत्त्याचा भाग) आणि तपासणीचा आकडा बरोबर होता, म्हणून कुणाला संशय आला नाही. आकार ६४ बाइटांहून मोठा होता, आणि गाळणी ६४ पर्यंतचीच अडवत होती. आणि आयुष्य संपायची वेळ लिहिलेलीच नव्हती.

या शेवटच्या गोष्टीचा अर्थ नीट पाहावा. इंटरनेटच्या नेहमीच्या पॅकेटवर एक आकडा असतो. प्रत्येक राउटर तो एकानं कमी करतो आणि शून्य झालं की पॅकेट मरतं. ज्या पॅकेटवर असा आकडा नाही ते मरतच नाही. डेन्व्हरची चार पॅकेटं जोडलेल्या प्रत्येक केंद्राकडे गेली, तिथून प्रत्येकानं ती पुढच्या सगळ्यांना दिली, परत मागेही आली. कंपनी वापरतही नसलेल्या, पण यंत्रात मुळापासून चालू असलेल्या एका व्यवस्थापनाच्या वाहिनीवरून हे फिरत राहिलं. यंत्रांचे प्रोसेसर त्यातच बुडाले. दूरच्या खोलीतून त्या यंत्रांत शिरून त्यांना काय होतंय हे विचारायचं, तर तो विचारण्याचा रस्ताही त्याच पॅकेटांनी तुंबलेला. शेवटी माणसांना केंद्रांत प्रत्यक्ष जावं लागलं. डेन्व्हरचं ते मॉड्यूल उपसून काढलं, तरी खोळंबा थांबला नाही, कारण पॅकेटं आता मॉड्यूलच्या आधाराशिवाय जाळ्यात फिरत होती. केंद्रांमधल्या त्या वाहिन्या तोडून आणि गाळण्या बसवून ती संपवावी लागली.

सुमारे ३७ तास. ३९ राज्यांत मिळून २ कोटी २० लाखांपर्यंत ग्राहक. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या अहवालात एक आकडा आहे जो वाचल्यावर बाकीचे आकडे मागे पडतात: आपत्कालीन ९११ क्रमांकाला लावलेले किमान ८८६ फोन पोचलेच नाहीत. त्या प्रत्येक फोनमागे कुणीतरी होतं, कुणाच्या छातीत दुखत होतं, कुठे काही पेटलं होतं, आणि फोन लावणाऱ्याला वाटलं असेल की आपल्याच फोनला काही झालंय. त्या मॉड्यूलनं ती पॅकेटं का तयार केली, हे कंपनीला आणि यंत्र बनवणाऱ्यांना चौकशीनंतरही सांगता आलं नाही.

हे दूरच्या देशातलं आणि अवाढव्य वाटतं, पण याचंच लहान भावंड आपल्या सोसायट्यांत राहतं. पाच पोर्टांचा साधा स्विच, जिन्याखालच्या पेटीत. साफसफाईत एक वायर लोंबकळताना दिसते आणि कुणीतरी चांगल्या हेतूनं तिचं मोकळं टोक त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टात घालतं. झालं वर्तुळ. इथरनेटमध्ये, म्हणजे इमारतीतल्या तारांच्या जाळ्यात, पॅकेटला चौकट म्हणतात, आणि तिच्यावरही आयुष्याचा आकडा नसतो. ‘सर्वांना’ म्हणून निघालेली एक चौकट गरगरत राहते, तिच्या हजार होतात, आणि अख्ख्या इमारतीचं जाळं बसतं. ओळखायची खूण सुरेख आहे: स्विचचे सगळे दिवे एकाच तालात, अखंड, वेगानं लुकलुकतात. एकेक वायर काढत जायची. ताल मोडला ती वायर. असं वर्तुळ आपोआप तोडणारी स्पॅनिंग ट्री ही पद्धत रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली शोधली, पण सहाशे-सातशे रुपयांच्या साध्या स्विचमध्ये ती नसते. निदान इमारतीच्या मुख्य पेटीत असं वर्तुळ (लूप) ओळखणारा स्विच असावा, एवढा खर्च सोसायटीनं करावा असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे या सगळ्यावर एक जास्तीची परीक्षा असते, आणि ती वळवाच्या पावसात सुरू होते. एप्रिल-मे महिन्यांत विजा कडाडतात तेव्हा गच्च्यांवरून इमारतीतून इमारतीत गेलेली तांब्याची लॅन केबल अँटेनासारखी वागते. वीज थेट पडावी लागत नाही. जवळपास कोसळली तरी केबलमध्ये क्षणभर शेकडो व्होल्ट चढतात आणि स्विचच्या पोर्टाला चटका बसतो. काही पोर्ट तिथल्या तिथे मरतात, ते बरे. काही मरत नाहीत, पुढचे आठवडे एकेक करत झिजतात. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभर मेगाबिटला दोन पुरतात. एक जोडी जळालेला पोर्ट १००० ऐवजी १०० वर उतरून चालू राहतो आणि त्याच्या मागची वीस घरं कूर्मगतीनं सरकतात. दिवा लागलेला असतो. फक्त काही स्विचवर त्याचा रंग बदललेला असतो आणि तो कुणी पाहत नाही.

इमारतींच्या मध्ये तांबं टाकूच नये. काचेचा धागा टाकावा, काच वीज वाहत नाही. तरी त्याला आधाराला स्टीलची तार असते, ती यंत्राच्या पेटीत नेऊ नये. बाहेरच तोडून थांबवावी. पेटीचं अर्थिंग नावाला नको. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावून पाहावं, दोन-तीन व्होल्टच्या वर जात असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवावं. कोकणात आणि गोव्यात दमट खारी हवा कनेक्टरच्या पत्र्यावर हिरवट थर चढवते, तिथे पेट्या वर्षातून एकदा नव्हे, दोनदा उघडाव्यात.

मग बॅटरी. बारा व्होल्ट सात अँपिअर-तासाची बॅटरी फुगलेली नसेल तर सगळ्यांना ठीकच वाटते, कारण चार्जिंगवर ती साडेतेरा व्होल्ट दाखवते. वीज गेल्यावर कळतं. नव्या बॅटरीत कागदावर ८४ वॉट-तास असतात. इतक्या वेगानं उपसताना ते सगळे मिळत नाहीत, तरी साठ वॉटचं यंत्र पाऊण तासाच्या आसपास चालायला हवं. तीन उन्हाळे बंद पेटीत काढलेली बॅटरी चार मिनिटांत मान टाकते. मीटरनं हे कधीच कळत नाही. घड्याळ लावून प्लग काढायचा आणि मिनिटं मोजायची, हीच एक तपासणी. पण ती जास्त गर्दीच्या वेळी करू नये आणि एकट्यानं तर नाहीच, कारण पुढचा मुद्दा.

वर्षानुवर्षं चालू असलेलं यंत्र बंद करून पुन्हा चालू करणं हे जाळ्यातलं सर्वांत धोक्याचं काम आहे. २०१४ साली सिस्कोनं जाहीर केलं होतं की २००५ ते २०१० या काळात बनलेल्या त्यांच्या काही यंत्रांत एका पुरवठादाराचे मेमरीचे भाग झिजतात. यंत्र चालू आहे तोवर चालू; एकदा बंद केलं की परत उठेलच असं नाही. २०१७ मध्ये त्यांनी घड्याळाचा ठोका देणाऱ्या एका भागाबद्दल असंच सांगितलं: दीड वर्ष झालं की तो निकामी होण्याची शक्यता वाढते, आणि झाला की यंत्र उठत नाही, दुरुस्तही होत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली. अशा सकाळी खरा प्रश्न वीज परत आल्यावर पडतो: कितीतरी पेट्यांतली कितीतरी यंत्रं पाच-सहा वर्षांत पहिल्यांदाच थंड होऊन पुन्हा तापणार असतात. शिवाय सेटिंग मेमरीत बदललेलं, पण कायमचं साठवायचं राहून गेलेलं असेल, तर यंत्र उठतं ते दोन वर्षांपूर्वीच्या आठवणींसह.

म्हणून लहान ऑपरेटरच्या कपाटात काही वस्तू असाव्यातच. ओएलटीचं एक जादा पॉन मॉड्यूल. चालू असलेल्या स्विचच्या जातीचाच एक स्विच, सेटिंग भरून ठेवलेला. त्या यंत्रांना बसणारी एक पॉवर सप्लाय. दहा हिरवे पॅचकॉर्ड (हिरव्या टोकांचे जोडणीचे छोटे धागे), टोकं पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, तंतू न सोडणारे कागद, आणि ज्याच्या सेलची तारीख उलटलेली नाही असा पॉवर मीटर. सगळ्या यंत्रांचं सेटिंग आठवड्यातून एकदा दुसऱ्या जागी उतरवलेलं.

आणि एक मार्कर पेन. मे महिन्यात पेट्या उघडल्या जातील तेव्हा प्रत्येक पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवावी. तारीख. येणारा उजेड: उणे २०.६. बॅटरी: ५२ मिनिटं. बायस करंट: २१. ऑगस्टमधल्या एखाद्या भिजल्या रात्री दुसराच कुणी माणूस टॉर्च दातांत धरून ते दार उघडेल, मीटर लावेल, उणे २५ वाचेल. समोर हिरवा दिवा असेल. शेजारी चिठ्ठी असेल, आणि तिच्यावरून त्याला कळेल की जवळपास साडेचार डेसिबल गेल्या तीन महिन्यांत कुठेतरी हरवलेत.